घोडा झालेले नाना

संध्याकाळी नानांशी बोलायचं तर जमिनीवर बसावं लागे. ऑफिसातून आले की ते घोडा होत. अडीच वर्षांच्या लेकीला, छबीला, सकाळी तसं कबूल केलेलं असे. एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाची तुकडी ठरवायला दोघे कार्यकर्ते आले. नाना चार पायांवर, पाठीवर छबी. "बोला, ऐकतोय," म्हणाले आणि सगळी चर्चा त्याच अवस्थेत पार पाडली. मध्ये एकदा खिंकाळलेही.

नाना म्हणजे गिरगावच्या चाळीतले आमचे शेजारी. मुलांना फसवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मी माझ्या बबनला चंद्र आणून देईन म्हणून दूध पाजायची. नाना कळवळून विचारत, "वहिनी, त्याने उद्या चंद्र मागितला तर?" मी कपाळावर हात मारून घेई.

गणपतीत मात्र त्यांचा हट्ट मला पटला. नैवेद्याचे मोदक बघून बबनने भोकाड पसरलं. छबी हात मागे बांधून बसली होती. आरतीनंतर मिळेल असं नाना म्हणाले होते, म्हणजे मिळणारच. मग घाई कशाला? आरती संपायच्या आत एक मोदक गायब झाला खरा, पण तो नानांच्या गालात सापडला. त्यांच्या बायकोने, माईंनी, डोळे वटारले. नाना म्हणाले, "मी थांबेन असं कुठे कबूल केलं होतं?"

सत्याग्रहाच्या दिवशी माई म्हणाल्या, "पोर झोपलीय तोवर निघा." नाना ऐकतात कसले. छबीला उठवून सांगितलं, "मी चाललोय. पोलीस पकडून नेतील. कधी येईन, मला माहीत नाही." छबीने चाळ डोक्यावर घेतली. खाली तुकडी खोळंबली, घोषणा देऊन लोकांचे घसे बसले. हे आता जातात की राहतात, आमच्या जिवाला घोर. नाना तिला मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. शेवटी छबी आपणच उतरली, त्यांची टोपी आणून दिली आणि म्हणाली, "जा."

आणि नाना हमसून हमसून रडायला लागले. जिना उतरून खाली पोचले तरी चालूच. तुकडीचा म्होरक्या वैतागला, "नाना, तुरुंगात जायचंय हो, सासरी नाही." सगळे हसले. छबीला कडेवर घेऊन मी गॅलरीत उभी होते. हसता हसता माझेही डोळे वाहायला लागले. फार गुणी माणूस होता तो. छबी तुकडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिली. मग माझ्या कानाशी तोंड आणून तिने विचारलं, "आता रडू?"