मकरपुऱ्यात थांबलेला उंट

आमच्या घरात दीड वर्ष मराठीला बंदी होती आणि ती बंदी घालणारी मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी शाळेला दोष देत बसायला नको, नवऱ्याला नको आणि नशिबाला तर नकोच. बडोद्याच्या दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या. त्यात मी, नवरा, आमची एकुलती एक मुलगी आणि आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेले माझे वडील. नवरा रिफायनरीत पाळीवर जायचा. मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना समजून घेण्याचा पगार घ्यायचे.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत, इंग्रजी माध्यमात. बोलायला लागली की थांबायची नाही आणि पुस्तक उघडलं की तोंडाला कुलूप. धडा मी एकदा वाचून दाखवला की तिला पाठ व्हायचा. मग ती ओळीवर बोट ठेवून वाचल्यासारखं करायची, पण बोट चौथ्या ओळीवर आणि तोंड सातव्या. मला आधी ते लाडिक वाटलं, मग लबाडी वाटली. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेताना घंटा व्हायची तेव्हा हिच्या वहीत दीड ओळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मराठी बाराखडी घेऊन बसले, तर तीही राहीना. आज घोकलेलं अक्षर उद्या तिला अनोळखी. मी ओरडायचे. एकदा वही फाडली. मारलं नाही असं लिहायला आवडलं असतं, पण दोनदा मारलंही.

वडिलांनी तिला कधी अक्षर विचारलं नाही. ते कचेरीत कारकून होते, जन्मभर कागद वाचून कंटाळले होते. दिवेलागणीला ती दोघं मागच्या गॅलरीत बसत आणि तिथे उंट चाले. बडोद्याच्या दक्षिणेला हायवेवरचं करजण, तिथला एक उंट. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की बडोद्यात दांडिया बाजारात फार छान सेव-उसळ मिळते, म्हणून तो निघाला होता. वडील त्याला रोज थोडा पुढे आणायचे आणि मुलगी त्याला अडवायची. कधी हायवेवर ट्रक आडवा, कधी डांबर तापलं म्हणून उंटाला चपला हव्यात, चार पायांच्या चार, तेही एका मापाच्या नाहीत. टोलनाक्यावरच्या माणसाने त्याला बस समजावं की ट्रक, यावर दोघांचा दोन दिवस वाद झाला होता. उंट कुठल्या वारी कुठे होता हे तिला महिन्यानंतरही बिनचूक सांगता यायचं. मी आत भाजी चिरताना ऐकायचे आणि मला राग यायचा की ही हुशारी पुस्तकासमोर कुठे जाते.

तिसरीच्या सहामाहीनंतर वर्गशिक्षिकेने बोलावलं. बाई भली होती, आवाज चढवला नाही की काही नाही. म्हणाली, "बहेन, तमारा घरमां केटली भाषा बोलाय छे?" घरात किती भाषा, तर मी तिला बोटांवर मोजून दाखवल्या. घरात मराठी, जिन्यात गुजराती, दूरदर्शनसंचावर हिंदी, शाळेत इंग्रजी. आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना याचा कोण अभिमान, पाहुण्यांना नवे दागिने दाखवावेत तशा आम्ही आमच्या भाषा दाखवतो. बाई हळहळली. म्हणाली, एवढ्या भाषांनी पोरगी गोंधळली आहे, एक धरा, शाळेची धरा, घरातही तीच बोला. वर्गात मुलांना दर दोन वाक्यांनी "पुरावा काय?" विचारणारी मी, मी तिला पुरावा विचारला नाही. मला कारण हवं होतं आणि ते मिळालं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी रिक्षात बसवून घरी आणला.

त्याच रविवारी नियम लावला. घरात मुलीशी फक्त इंग्रजी. नवरा रात्रपाळी करून आला होता, "तुला पटेल तसं कर," म्हणाला आणि झोपला. जिन्यात मैत्रिणींशी ती गुजराती बोलायची, तिथे माझा हात पोचत नव्हता, म्हणून सगळी बंदी आली मराठीच्या वाट्याला. वडील ऐकत होते. ते म्हणाले, "अगं, पण माझं इंग्रजी अर्जातलं आहे."

खरंच अर्जातलं होतं. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून आवाज आला, "काइंडली टेक युवर सीट." मुलगी खिदळली. मग त्यांनी उंट सुरू केला, "द कॅमल इज प्रोसीडिंग टूवर्ड्स मकरपुरा." ती म्हणाली, "देन?" वडिलांचं अर्जातलं इंग्रजी तिथे संपलं. मग म्हणाले, "द मॅटर इज पेंडिंग." कचेरीत ज्या कागदाचं काही होत नाही त्याच्यावर मारायचा तो शेरा. ती पुन्हा हसली. चार-पाच दिवस हसली. रोज तेच, उंट निघाला आहे, प्रकरण प्रलंबित आहे. मग हसायची थांबली आणि त्या वेळी गृहपाठ घेऊन बसायला लागली. मला वाटलं, नियम लागू पडला.

फाल्गुनात एकदा शाळा लवकर सुटली आणि मी दुपारी घरी आले. चपला काढत होते तर मागून मराठी ऐकू आली. वाळत घातलेल्या चादरीच्या आड दोघं बसली होती, अगदी दबक्या आवाजात. उंट शहराच्या वेशीवर, मकरपुऱ्याच्या कारखान्यांपाशी पोचला होता, पाळी सुटली होती, कंपन्यांच्या बसगाड्या आणि मोटरसायकलींच्या लोंढ्यात तो सापडला होता आणि मुलगी सांगत होती की एका कामगाराने त्याला डब्यातली भाकरी दिली, पण उंट म्हणाला मी सेव-उसळीसाठी पोट रिकामं ठेवलंय. वाक्यामागून वाक्य, कुठे अडखळणं नाही. मी तेवढंच ऐकून उभी राहिले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मी चादर बाजूला केली आणि वडिलांवर तुटून पडले. मराठीत. "बाबा, तिचं वाटोळं करायचं ठरवलंय का तुम्ही? तुमच्या या उंटापायी माझी पोर नापास होतेय. तुम्हाला वेळ घालवायला ती हवी आहे, बाकी काही नाही." बहात्तर वर्षांचा माणूस, उठून उभा राहिला. मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "सॉरी" म्हणाला. नियम पाळला त्यांनी. मुलगी फरशीकडे बघत होती.

त्यानंतर ते संध्याकाळी गॅलरीत एकटेच पेपर घेऊन बसत. सकाळी वाचलेलाच पेपर. पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी आंघोळीला पाणी काढून ठेवलं आणि गेलेच नाहीत. बाथरूमच्या दाराशी बसले ते तिथेच संपले. मुलगी रडली नाही. आलेल्यांनी तिला समजूतदार म्हटलं.

दहाव्याला कावळा शिवेना. नवऱ्याने पिंड ठेवला, मी एकुलती एक म्हणून मीही गेले होते. कावळा भिंतीवर बसून मान वाकडी करून बघत होता. जमलेल्यांनी एकेक वचन द्यायला सुरुवात केली, घर सांभाळू, अमक्याचं लग्न लावू. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी विज्ञानाची शिक्षिका, पण हात जोडून मोठ्याने म्हणाले, "बाबा, काळजी करू नका. तिला मी इंग्रजी उत्तम शिकवीन." कावळा उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. परतताना कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकला होता. मला त्या बोलण्याचा राग आला.

चार महिन्यांनी आमच्याच शाळेत एक विशेष शिक्षिका नेमली गेली, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने शिक्षकांसाठी एक तास घेतला आणि काही मुलं कशी वाचतात ते सांगितलं. बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या. ऐकलेलं सगळं लक्षात, लिहिलेलं काहीच नाही. कुठलीही भाषा असो, लिपी असो, अक्षर ठसत नाही. मी मागच्या बाकावर बसून माझ्या मुलीचं वर्णन ऐकत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती असतो, ते त्या तासाला कळलं.

मुलीला तिच्याकडेच तपासणीला घेऊन गेले. त्या बाईने तिला म्हटलं, तुला हव्या त्या भाषेत एक गोष्ट सांग. मुलीने इंग्रजीत तीन वाक्यं सांगितली आणि थांबली. बाईने विचारलं, घरी काय बोलता? मी म्हणाले, "फक्त इंग्रजी. दीड वर्षापासून काटेकोर पाळतोय." अजूनही मला शाबासकी हवी होती. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, भाषांमुळे हे होत नाही हो. चार भाषांनीही होत नाही. या मुलांना वाचन वेगळ्या पद्धतीने, हळूहळू, शब्दाचे आवाज फोडून फोडून शिकवावं लागतं, ते मी शिकवीन. पण ऐकून तिला सगळं येतं, म्हणजे तिच्याशी जितकं बोलाल तितकं थोडं. आणि ज्या भाषेत तुम्ही मनापासून बोलता तिच्यात बोला. मग तिने अगदी सहज विचारलं, "घरी कुणी गोष्टी सांगणारं आहे का?"

बैल गेला आणि झोपा केला. त्या संध्याकाळी मी जाहीर केलं, आजपासून सगळ्यांनी मराठीत बोलायचं. नळ सोडावा तसं. मुलगी म्हणाली, "ओके, मम्मी." बंदीआधी मी आई होते.

पुढचं सगळं मी केलं, झटून केलं. आठवड्यातून तीन दिवस त्या बाईकडे, वाळूवर बोटाने अक्षरं, टाळ्या वाजवून शब्दांचे तुकडे. ओळीखाली पट्टी धरून वाचायचं, चारचौघांत मोठ्याने वाचायला लावायचं नाही, एका वेळी एकच सूचना, चुका लाल शाईने रंगवायच्या नाहीत. दहावीला तिला लेखनिक मिळाला, जास्तीचा वेळ मिळाला. ती सांगायची आणि दुसरी मुलगी लिहायची. पास झाली. माझ्या वर्गातही मागच्या बाकावरची मुलं मला दिसायला लागली. त्यांच्या आईबापांना मी बोलावते, समजावते, कधी भांडते. लोक म्हणतात, या बाईंना मुलं कळतात. ऐकून घेते.

आता ती चोवीस वर्षांची आहे. मकरपुऱ्यात प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. कागदावरचा आराखडा बघून ती वस्तू ती मनात फिरवून बघू शकते, हे तिच्या मालकाला मोठं नवल वाटतं. लांबलचक मजकूर आला की फोनला वाचायला सांगते आणि कानात ऐकते. आनंदी आहे, मैत्रिणी आहेत, स्कूटर उडवत जाते. माझ्याशी गुजरातीत बोलते, मधूनमधून इंग्रजी. मी मराठीत बोलते, ती गुजरातीत उत्तर देते. तिचं सगळं बरोबर कळतं मला, माझं तिला कळतं, तरी पंधरा वर्षांत तिच्या तोंडून मराठी वाक्य मी ऐकलेलं नाही. पुण्याचे पाहुणे विचारतात, मुलीला मराठी येत नाही? मी म्हणते, समजतं सगळं.

यंदा पितृपक्षात वडिलांचं पान वाढलं. वरण-भात, खीर, अळूची भाजी आणि एका द्रोणात कोपऱ्यावरून आणलेली सेव-उसळ, ती दरवर्षी असतेच. तिला दुपारच्या पाळीला जायचं होतं, तरी पान घेऊन माझ्याबरोबर गच्चीवर आली. पान कठड्यावर ठेवताना मी इतक्या वर्षांनी विचारून टाकलं, "माझ्यावर रागावलीस का गं? म्हणून मराठी बोलत नाहीस?"

"गुस्सो नथी, मम्मी," ती म्हणाली. मग पानाची कडा सरळ करत, जसं कामावरचं काहीतरी सांगावं तसं म्हणाली, "हुं मराठी बोलुं तो आजोबाने वढ पडे."

मी मराठी बोलले की आजोबांना ओरडा बसतो. त्या दुपारी चादरीआड फरशीकडे बघत तिने हे ठरवून टाकलं होतं. मी विचारलं नव्हतं तरी ती पुढे सांगत राहिली. नंतरही आजोबांनी दोन-तीनदा, मी शाळेत असताना, हळूच विचारलं होतं, उंट कुठवर आला गं? तिला माहीत होतं कुठवर आला ते. ती इंग्रजीत म्हणाली होती, मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारू नये म्हणून. मग त्यांनी विचारलं नाही.

आता तोंड उघडलं तरी मराठी येत नाही, ती म्हणाली, मनात येते आणि तिथेच थांबते. तिने घड्याळ बघितलं. उशीर होत होता. जिन्याच्या दारापाशी गेली तेव्हा मी मागून विचारलं, "आणि उंट?"

ती वळली. थोडं हसली, अगदी वडिलांसारखं, एका बाजूने.

"पेन्डिंग छे," म्हणाली, आणि खाली गेली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी पानाशेजारी उभी राहिले आणि कुणी ऐकत नव्हतं तरी मोठ्याने म्हणाले, "बाबा, तो मकरपुऱ्याला आला होता. पुढचं मला ठाऊक नाही. तुम्ही सांगा."