हळदीपुरतं गोडं पाणी

बी.ए. होऊन मी मराठवाड्यातून आलो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागलो. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. तळवलीत एका आगरी कुटुंबाकडे खोली मिळाली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर आहे हे कळल्यावर मालकांनी माझी ट्रंक स्वतः उचलून आत नेली. तो माणूस मी विसरणं शक्य नाही.

त्यांच्या अंगणातल्या विहिरीवर आम्हा सगळ्या भाडेकऱ्यांचं भागायचं. विहिरीला तिथे बाव म्हणत. खाडी जवळ, त्यामुळे वर गोडं पाणी आणि खाली खारं. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर फळ्या टाकून तिला ‘निजवायची’ रीत होती, म्हणजे गोडं पाणी पुन्हा वर साठे. पाणी पोहऱ्यानेच काढायचं, तेही बेताने.

मे महिन्यात मालकांच्या लेकीची हळद ठरली. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खं गाव जेवायला. पिंपं भरून ठेवावीत म्हणून मालकांनी आठवडाभर आधीच पाणी खेचायचं भाड्याचं इंजिन आणून भरदुपारी बावीवर लावलं. पिंपं भरली. संध्याकाळचा चहा मात्र खारट झाला.

“आता पावन्यांना काय खाडी पाजता?” मालकीण कडाडली. लेक रडायला लागली.

इंजिन परत गेलं, बाव झाकली. प्यायचं पाणी दुसऱ्या आळीतून आणायचं आणि बाकी सगळं त्या खाऱ्या पिंपांवर. मग मी आमच्या दुष्काळी भागातली रीत काढली. घमेल्यावर पाट ठेवून त्यावर बसून अंघोळ, खाली साठलेल्या पाण्यात कपडे, आणि उरलेलं मांडवाच्या धुळीवर.

मालकांनी मला तसं बसलेलं पाहिलं. “काय साहेब, अंगोल करता का मासली धुता?”

“मालक, आमच्याकडे एवढ्याच पाण्यात पदवीधर होतात!”

“तरीच एवढे सुकलाव!”

पण दुसऱ्या दिवशी तेच घमेलं मागायला आले.

मालकीण रोज सकाळी एक पोहरा काढून चूळ भरायची आणि थुंकायची. “नाय अजून.” हळदीच्या आदल्या दिवशी तिने चूळ भरली, जरा थांबली आणि गिळली. लेकीने तिच्या हातातून पोहराच ओढून घेतला.

हळदीला भात उत्तम शिजला. मालकांनी इंजिनवाल्यालाही आवतण दिलं होतं. त्याच्या पानात भात वाढत मालकीण म्हणाली, “जेव पोटभर. पन बावीकडं बगायचं नाय!”