खांद्याला तेल, बरगड्यांना फास

आमच्याकडे टेनिस म्हटलं की लोक हसतात. हसा. किन्हवलीच्या बाजूला आमचा पाडा. भाताची झोडणी उरकली की रिकाम्या खळ्यावर आम्ही कोर्ट आखायचो. चोपून सारवलेली जमीन, चुन्याच्या रेघा, मधे मासे धरायचं जुनं जाळं. खेळाच्या सरांनी नाद लावला, तो मला लागला तो लागलाच.

अकरावीत उजवा खांदा धरला. सर्व्हिसला हात वर गेला की आत सुरी फिरायची. आईने मोहाचं तेल चोळलं. दवाखान्यात सुई टोचली. सर म्हणाले, "नाटकं नकोत, बाम लाव नि खेळ." वर्षभर सगळे त्या एका खांद्यावर तुटून पडले. माझ्या पोटाकडे एकानेही बघितलं नाही.

पोटाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी असायची. बरगड्यांपासून कमरेपर्यंत तीन वेढे. मोळी वाहणाऱ्या, लावणीला वाकणाऱ्या आमच्या बाया अशाच बांधतात. "आवळून बांद गो," आई म्हणायची. "कंबर कसली का अंगात जोर ऱ्हातो." मोळीला ते खरं असेल. मी त्यात दोन-दोन तास धावायचे, वर मिरवायचेही.

बारावीला जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी आली. संघात आले तर खेळाच्या कोट्यातून कॉलेजला वसतिगृह. नाही तर शिक्षण बंद. तीन आठवडे उरले आणि हात वर जाईना. मग सरकारी रुग्णालयात व्यायामोपचाराच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या, बाईंकडे गेले. त्यांनी खांद्याला हातही लावला नाही. बरगड्यांवर तळवे ठेवले.

"श्वास घे. आता आरशात बघ."

माझे खांदे कानांना भिडले होते.

"हे काय बांधलंयस? छातीच्या तळाशी श्वासाचा पडदा असतो. तो खाली सरकला की हवा आत येते. तू त्याला जागाच ठेवली नाहीस. मग मानेचे नि खांद्याचे स्नायू हवा ओढत बसतात. त्याच दमलेल्या स्नायूंनी सर्व्हिस मारतेस. खांदा बोंबलेल नाही तर काय करेल? सहा आठवडे हात डोक्यावर न्यायचा नाही."

"तीन आठवड्यांनी निवड हाय, मॅडम."

"मग खालून मार. नियमात बसतं."

घरी येऊन आईवर ओरडले. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला काय ठावं गो? मी बी तशीच बांदते. माजं बी खांदं दुखतात."

आईला कुणी शिकवलं नव्हतं. पण सरांकडे खेळाची पदवी होती. सुई टोचणाऱ्याच्या दारावर डॉक्टरची पाटी होती. त्यांना एकदा "श्वास घे" म्हणता येत नव्हतं?

मुरबाडला चाचणी झाली. मी पोट मोकळं सोडून खेळले, सर्व्हिस खालून.

"काय गं," निवड करणारे साहेब खुर्चीतून ओरडले, "लग्नात अक्षता टाकतेस का?"

"नियमात बसते, साहेब. वाचलाय ना नियम?"

सहा-चार, सहा-चार हरले. समोरची चांगली खेळली, तिच्याबद्दल तक्रार नाही. शेवटच्या चेंडूपर्यंत मी धावत होते. ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. साहेबांनी माझ्या नावापुढे शेरा मारला : दम कमी. पाड्यावरची पोरगी, दुसरं काय लिहिणार!

"तो कागद मला द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

"शेरा खोडायला लावणार. आणि नाय खोडला, तर झेरॉक्स काढून गावागावात वाटणार."

"उद्या ये."

मी त्यांच्या टेबलासमोर फरशीवर बसले. कागद आजच्या आज पाहिजे होता.