शेंदरी खुणांची जंगलवाट

तुमच्या आजीने एका राष्ट्रीय उद्यानात पाच देवांची स्थापना केलेली आहे आणि त्याबद्दल तिच्यावर अद्याप कोणतीही कारवाई झालेली नाही.

ईरा, अर्णव, तुमचा फोटो मिळाला. तिथल्या उद्यानात तुम्ही झाडं ओळखलीत, ठसे शोधलेत, आणि टोपीवाल्या अधिकाऱ्याने तुमच्या शर्टावर बिल्ले लावले. फार छान! 'आजी, तुमच्याकडे मुलांसाठी असं काही होतं का?' असं तुम्ही विचारलंय. होतं. एकदाच झालं. मीच केलं होतं.

तेव्हा तुमची आई, म्हणजे आमची वैशाली, चौथीत होती. माझ्या परदेशातल्या भावाने तिला तिकडच्या एका उद्यानाची मुलांसाठीची पुस्तिका पाठवली होती. वाटेवर खुणा केलेले थांबे, प्रत्येक थांब्यावर एक काम, सगळी कामं केली की अधिकाऱ्याच्या हातून बिल्ला. वैशालीने पुस्तिका उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली. "आई, मलापण बिल्ला पाहिजे. साहेबानं लावलेला!"

मी शिस्तीची बाई. मेळघाटच्या बाजूला जायचं ठरलं तसं मी तिथल्या वनाधिकाऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यांनी आनंदाने परवानगी दिली. अट एकच : "मॅडम, खुणांसाठी ऑइल पेंट नको. निसर्गात मिसळून जाईल असं काही वापरा."

(मिसळून गेलं. त्याबद्दल नंतर.)

जालन्यातल्या मस्तगडच्या घरातून आम्ही पाच जण निघालो. मी, तुमचे आजोबा, वैशाली, तुमचा नितीनमामा आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मूळच्या जाफराबादकडच्या. कुठल्याही गावाची वेस ओलांडताना तिथल्या देवाला नारळ दिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा नेम. म्हणून सामानात धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि पोतंभर नारळ होते.

संध्याकाळी विश्रामगृहावर पोचताच त्यांनी विचारलं, "या रानाचा देव कुठंशी हाय?"

"इकडच्या बाजूला नाही म्हणे," तुमचे आजोबा म्हणाले.

"एवढं मोठं रान अन् एक बी देव न्हाई? मंग सांभाळतं कोण?"

"वनखातं सांभाळतं, आई."

"रात्री?"

तुमच्या आजोबांनी सामान सोडायला घेतलं. "बिनदेवाच्या रानात मी लेकरं जाऊ देणार न्हाई, बिलकुल!" असं जाहीर करून आत्याबाई झोपल्या. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, सकाळी समजूत काढू.

सकाळी सगळे झोपेत असताना मी खुणा करायला निघाले आणि तेव्हा लक्षात आलं की गेरूचा डबा मस्तगडलाच राहिला. घोर प्रसंग! मी इकडे तिकडे पाहिलं. आत्याबाईंच्या पूजेच्या पिशवीत शेंदराची पुडी होती. खोबरेल तेलात कालवून पाहिला. रंग अगदी पुस्तिकेतल्या खुणांसारखा! वाटेवर योग्य दगड नव्हते, म्हणून ओढ्यातून पाच छान गोल, उभट दगड निवडले, त्यांना शेंदूर फासला आणि एकेका झाडाच्या बुंध्याशी टेकवून ठेवले. पुस्तिकेत 'इथे थांबून पाहा' याची खूण म्हणजे दोन डोळे. मी आत्याबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि प्रत्येक दगडावर दोन टपोरे डोळे काढले.

(गोल, उभट, शेंदूर फासलेला, डोळे असलेला, झाडाखाली. आज हे एका ओळीत लिहिताना मला सगळं दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही. माझं शिक्षण इंग्रजीत झालं होतं.)

परत येऊन मी चहा टाकला, तोच आत्याबाई बाहेरून धावत आल्या. त्यांना धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"सुमन! अगं देव हाय! एक न्हाई, पाच! अन् काय डोळे हायेत गं, थेट आपल्याकडंच पाहून राह्यले!"

"आत्याबाई, ते..."

"आन् ऐक! माझ्या पुडीतला शेंदूर गायब झाल्ता. म्या म्हनलं सांडला आसंल. न्हाई! त्यानं सोताच्या हातानं नेला!"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता लेकरं बिनघोर जाऊ दे रानात." शेजारी वैशाली आनंदाने उड्या मारायला लागली. मी तोंड मिटलं आणि चहात साखर घातली. दोनदा.

जालन्याचा माणूस चंद्रावर गेला तरी तिथे त्याला जवळच्या बदनापूरचा माणूस भेटतो. शेजारच्या खोलीत बदनापूरचं एक जोडपं उतरलं होतं. आत्याबाईंनी त्यांना बातमी दिली.

"देव जागृत हाय का पण?" त्या बाईंनी विचारलं.

"जागृत? अवो, शेंदूर उचलून नेतो!"

अशा रीतीने माझा शैक्षणिक उपक्रम सुरू झाला. पुढे मी पुस्तिका घेऊन, मागे मुलं, त्यामागे हळदीकुंकू.

पहिला थांबा : झाडाच्या सालीला हात लावून पाहा. वैशालीने हात पुढे केला. "आधी चपला काढ!" आत्याबाई कडाडल्या. साल पाहायच्या आत तिला कुंकू लागलं. दुसरा थांबा : डोळे मिटून जंगलाचे आवाज ऐका. आम्ही डोळे मिटले. धाड! नारळ फुटला. पाठोपाठ बदनापूरकरांनी खणखणीत आवाजात आरती धरली. त्या परिसरातला प्रत्येक पक्षी शेजारच्या जिल्ह्यात गेला असावा. तिसरा थांबा : ठसे शोधा. सापडले. भरपूर! सगळे अनवाणी माणसांचे.

चौथ्या थांब्यावर खोबऱ्याच्या वासाने वानरं आली. आधी एक, मग त्याचं सगळं खानदान. एकाने प्रसाद नेला, दुसऱ्याने धपाटी, तिसऱ्याने पुस्तिका. (ते झाडावर बसून पानं उलटत होतं. माझ्या उपक्रमाचा पहिला खरा विद्यार्थी!)

"आई, माझं एकपण काम झालं न्हाई," वैशाली हुंदके द्यायला लागली. "आता साहेब बिल्ला देणार न्हाईत!"

आणि वनाधिकारी साहेब समोर उभे! हातात बिल्ले, मीच पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावून करून दिलेले. त्यांनी दगड पाहिला. दगडाने त्यांना पाहिलं.

"मॅडम, हे काय?" ते म्हणाले. "हे राष्ट्रीय उद्यान आहे! आज दगड, उद्या ओटा, परवा वर पत्रा..."

"पत्र्याचा खर्चा माझ्याकडं, साहेब!" बदनापूरकर पुढे सरसावले.

"हे हटल्याशिवाय बिल्ले नाहीत!" साहेब म्हणाले.

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा पाहिल्यावर दुसरा इलाज नव्हता.

"आत्याबाई," मी म्हटलं, "शेंदूर मी नेला होता."

झाडावरचं वानरसुद्धा पान उलटायचं थांबलं.

"तू?" आत्याबाई म्हणाल्या. "अन् डोळे?"

"मीच. चुना तुमच्या डब्यातला."

त्यांनी पानाचा डबा उघडून आतला चुना पाहिला. मी जालन्याला परत जायचं की थेट माहेरी, याचा विचार करत होते. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "हात तुझा आसंल. बुद्धी त्याचीच. तुला कुठं एवढं सुचतंय?"

साहेबांना खोकला आला.

"आन् साहेब, देव आसा हटवत न्हाईत. बसवला तसा बराबर निरोप द्यावा लागतो."

मग उरलेल्या धपाट्यांचा दहीसाखरेसह नैवेद्य झाला. मुलांनी आणि मोठ्यांनी एकेक देव डोक्यावर घेतला आणि मिरवणूक ओढ्याकडे निघाली. नितीनला एकच घोषणा येत होती, म्हणून सगळे "मोरया!" ओरडत होते. साहेब देखरेखीसाठी मागून येत होते. अर्ध्या वाटेत मागूनही "मोरया!" ऐकू आलं. (शेंदूर पाण्यात सोडू नये, हे त्या भरात साहेबांनाही सुचलं नाही.)

काठावर साहेबांनी वैशालीला विचारलं, "आज काय पाहिलंस, बेटा?"

वैशाली म्हणाली, "वानरांमधे मोठा नर आधी खातो. बारकी पिल्लं आईच्या हातातलं ओढतात, आई रागवत न्हाई. अन् एक वानर खातच न्हाई, उंचावर बसून पाहतं. ते ओरडलं की सगळे पळतात."

साहेबांनी बिल्ला तिच्या फ्रॉकवर लावला. तो अजून माझ्या कपाटात आहे. तुम्ही आलात की दाखवीन.

शेवटी चपला चढवून मी आणि साहेब सगळ्या थांब्यांवरून एक फेरी मारून आलो. एकही दगड राहिलेला नव्हता. वाट पुन्हा स्वच्छ, शास्त्रीय झाली होती. "मुलांना निसर्गाकडे डोळसपणे पाहायला शिकवलं पाहिजे," मी त्यांना इंग्रजीत समजावत होते, "अंधश्रद्धेला थारा न देता."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "मॅडम, तुमच्या चपला कुठे आहेत?"

मी खाली पाहिलं. मग मागे पाहिलं. पहिल्या थांब्याच्या रिकाम्या जागेसमोर, बाजूला, नीट जोडीने, शिस्तीत काढून ठेवलेल्या होत्या.