झडतीबाई

आमच्या डिझाइनच्या मॅडम कॅन्टीनचा चहासुद्धा आधी हुंगून मग प्यायच्या. नव्वदच्या दशकात मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत रेडिओ बनवणारा एक लहानसा कारखाना होता. शहापूरहून जीपने जाऊन मी तिथे तयार सेट तपासायचो. मॅडमना आम्ही पाठीमागे झडतीबाई म्हणायचो, आणि त्यांना ते नक्की ठाऊक असणार.

त्यांचा सगळ्यात जास्त राग मुरबाडच्या विजेवर. "ही लाइन नाचत येते, हिच्यावर काय कपाळ तपासायचं?" म्हणत त्या नवा बोर्ड बॅटरीवर लावून ऐकायच्या. नव्या सेटचा बोर्डही त्यांनी असाच ऐकून पास केला.

पहिला लॉट विजेवर लावला आणि एकूण एक सेट घुंईऽऽ करू लागला. मॅडमनी आधी लाइनवर संशय घेतला, मग शेजारच्या वेल्डिंगवर, मग अर्थिंगच्या खड्ड्यावर. त्यात माझ्याकडून मीठ-पाणीही ओतून घेतलं. शेवटी संशय आला, सगळे बोर्ड जोडणाऱ्या सुनंदाच्या सोल्डरिंगवर. सुनंदा जवळच्या पाड्यावरची, घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. मालक तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

ती तडक मॅडमपुढे उभी राहिली. "काढायचं तर काढा, पन आदी दाखवा, माजं काम कुठं कच्चं हाय? माज्या हाताचा दोष नाय."

मॅडमनी भिंग लावून तिने जोडलेला एक सेट पाहिला. सगळे सांधे चकचकीत. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी तो बॅटरीवर लावला. आवाज स्वच्छ! पुन्हा विजेवर, पुन्हा घुंई. मॅडमनी आपलं ड्रॉइंग ओढलं आणि त्यांचा चेहराच उतरला. पॉवर सप्लायचा आणि रेडिओच्या नाजूक भागाचा ग्राउंड त्यांनी तांब्याच्या एकाच बारीक पट्टीवरून नेला होता, आणि विजेची गुणगुण तिथूनच आवाजात शिरत होती. त्यांनी पट्टी कापली, सुनंदाकडून वेगळी जाड तार जोडून घेतली, आणि घुंई थांबली.

"दोष लाइनवर ढकलून द्या मॅडम," मी हळूच म्हटलं. त्यांनी माझ्याकडेच संशयाने पाहिलं आणि मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. "सोल्डरिंग उत्तम आहे. चूक माझी आहे."

सुनंदा राहिली. सगळे बोर्ड नव्याने करावे लागले आणि मॅडमना जावं लागलं. मला झडतीबाईंचा तेव्हा फार अभिमान वाटला.

निघताना सुनंदा गेटपाशी रडत होती. "माज्यापायी तुमची नोकरी गेली."

"मग?" मॅडम डोळे वटारून म्हणाल्या, "एक तरी सांधा कच्चा ठेवायचा होतास ना गो!"