परसाकडचा बल्ब

आज सकाळी संडासात सहज खाली पाहिलं आणि पाण्याचा मग हातातच राहिला. मळ काळा, डांबरासारखा चिकट. लोहाच्या गोळ्यांनीही असं होतं, पण मी त्या घेत नाही, म्हणजे कारण दुसरंच असणार.

वर बल्ब जळत होता. तो मी आबांसाठी लावलेला. माझे वडील संकोची, एकदा हळूच म्हणाले, "परसाकडे काळं होतंय रे." मला वाटलं, संडासात अंधार आहे. "मोठा बल्ब लावतो, आबा," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं." चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडले. "पोटात रक्तस्राव झालाय. काळं दिसलं त्याच दिवशी आणायचं," डॉक्टर म्हणाले. आबा घरी परतले नाहीत. बल्बचं मी कुणालाच सांगितलं नाही.

भिंतीचा रंग निवडताना आपण घरभर वाद घालतो. या रंगाबद्दल मात्र बोलायला जीभ रेटत नाही.

"झोपलात की काय आत?" बायकोने बाहेरून विचारलं.

मी दार उघडलं. "मला संडासला काळं झालंय. रक्त असेल. आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ. आणि वाटेत तुला आबांच्या बल्बचं सांगायचंय."