धोतराचं दुपटं
काल धुणं भिजवताना एका शर्टाला सिगारेटचा वास आला आणि माझे हात बादलीतच थांबले. खूप वर्षांपूर्वीच्या एका दुष्काळात माझं पहिलं लेकरू आठव्या महिन्यातच जन्मलं होतं आणि बीडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई गावाहून सासऱ्यांच्या जुन्या धोतराचं दुपटं घेऊन आल्या, कारण आमच्याकडे घरातल्या म्हाताऱ्याचं कापड पांघरलं की त्याचं आयुष्य बाळाला लागतं. उसाअभावी साखर कारखाना बंद होता आणि तिथली राखणदारी सुटलेले सासरे दिवसभर घरच्या ओसरीवर विड्या ओढत बसायचे. सिस्टरनं दुपटं नाकाजवळ नेलं. "विडी कोण ओढतं घरात?" "लेकरापाशी कोण ओढत न्हाई, बाई. अन् धुतलंय की मी." "धूर जातो मावशी, पण कापडात बसलेला जात नाही. याची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत." सासूबाईंचा आवाज पडला. "टँकरच आला न्हाई. तांब्याभर पान्यात किती निघल?" सिस्टर यायच्या आधी पेटीची खिडकी उघडून मीच ते दुपटं घटकाभर लेकराच्या अंगावर घातलं होतं. दिवसभर काचेला कपाळ टेकून मी त्याचा एकेक श्वास बघत उभी राहिले, आणि कुणाला काही सांगितलं नाही. लेकरू जगलं. कालचा शर्ट त्याचाच, आणि त्याच्या बायकोला आता आठवा लागलाय. आज नळाला पाणी भरपूर आहे. शर्ट तीनदा धुतला, तरी वास निघाला नाही.